शिकवायला आणि कामाला मिळून एकच टॅब घ्यायचाय, कुठला घेऊ?

वर्गमूळ

नमस्कार मंडळी. मी पदवीच्या मुलांना गणित शिकवते. दिवसा वर्गात, संध्याकाळी ऑनलाइन बॅचेस. टॅब घ्यायचं बरेच दिवस डोक्यात आहे पण जितके रिव्ह्यू बघावेत तितका गोंधळ वाढतोय, कारण सगळे बोलतात गेम, सिनेमा आणि प्रोसेसरबद्दल. दिवसभर लिहिणाऱ्या माणसाला काय लागतं ते कुणी सांगतच नाही, म्हणून इथे विचारतेय.

कामं अशी आहेत: वर्गात टॅबवर लिहायचं आणि ते प्रोजेक्टरवर दिसलं पाहिजे, ऑनलाइन तासाला तेच स्क्रीन शेअर करून. मुलं असाइनमेंटचे फोटो पीडीएफ करून पाठवतात, त्या लाल पेनने तपासून परत पाठवायच्या. प्रश्नपत्रिका मी लेटेकमध्ये (गणिताची चिन्हं नीट मांडणारं सॉफ्टवेअर) करते. मार्कांची एक्सेल शीट आहे, तिच्यात मॅक्रो (कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम) आहेत. शिवाय मराठीतून थोडंफार टायपिंग. लॅपटॉप आहे, जुना झालाय पण चालतो.

डोक्यात तीन पर्याय आहेत: साधा आयपॅड किंवा आयपॅड एअर, सॅमसंगचा गॅलक्सी टॅब एस मालिकेतला एखादा, नाहीतर सरळ सरफेस प्रो घेऊन लॅपटॉपला निवृत्त करायचं. माझं मत असं बनत चाललंय की शिकवणाऱ्याने आधी पेन निवडावं आणि मग त्या पेनला चालणारा टॅब. पण हे बरोबर आहे का? टॅब खरंच लॅपटॉपची जागा घेतो का? आणि ११ इंच पुरतो की मोठाच घ्यावा?

रेघोट्या

पेन आधी, याला माझं शंभर टक्के अनुमोदन. मी चित्रं काढते आणि चित्रकला शिकवते त्यामुळे माझा दिवस पेनवरच जातो.

दोन जाती समजून घ्या. सॅमसंगचं एस पेन वाकॉम कंपनीच्या तंत्रावर चालतं, लिहिण्यासाठी त्याला बॅटरीच लागत नाही, स्क्रीनखालच्या थरातूनच त्याला ऊर्जा मिळते. (ब्लूटूथवाली बटणं वगैरे वापरायची तर चार्ज लागतो, नुसतं लिहायला नाही.) आणि एस मालिकेत ते बॉक्समध्येच येतं. ॲपलची पेन्सिल वेगळी विकत घ्यावी लागते आणि ती चार्ज करावी लागते. ती चार प्रकारची आहे: २०१५ची पहिली, २०१८ची दुसरी, २०२३ची यूएसबी-सीवाली आणि २०२४ची प्रो. कुठलीही पेन्सिल कुठल्याही आयपॅडला चालत नाही हे नीट लक्षात ठेवा. २०२५च्या साध्या आयपॅडला पहिली (अडॅप्टर लावून) किंवा यूएसबी-सीवाली चालते, त्याच वर्षीच्या एअरला यूएसबी-सीवाली किंवा प्रो. यूएसबी-सीवाल्या पेन्सिलला दाब कळत नाही, म्हणजे जोरात दाबलं तरी रेघ तेवढीच. चित्राला हे फार नडतं, गणिताला माझ्या मते नाही नडणार.

दुकानात गेलात की सही करून बघू नका, सही सगळ्यांवर छान येते. एक पट्टी घेऊन जा. पट्टी स्क्रीनवर तिरकी ठेवून अगदी सावकाश रेघ ओढा. पेनचं तंत्र कच्चं असेल तर त्या तिरक्या रेघेला लाटा येतात, पायऱ्या पडल्यासारख्या. भरभर ओढली की लाटा दिसत नाहीत म्हणून सावकाश. मग तळहात पूर्ण टेकवून एक्सच्या डोक्यावर बारीक वर्ग आणि त्याच्या पायाशी बारीक आय लिहा. तुमच्या विषयात खरी परीक्षा तिथेच आहे.

टाकदवात

पेन कुठलंही घ्या हो, काचेवर घसरतंच. माझं अक्षर कागदावर मोत्यासारखं आणि टॅबवर डॉक्टरसारखं.

रेघोट्या

@टाकदवात, मॅट फिल्म लावून बघा, कागदासारखी खरखर येते आणि हात थांबतो. पण तिची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते: पेनचं टोक लवकर झिजतं (टोक बदलता येतं, जास्तीची आणून ठेवा) आणि स्क्रीन किंचित धुरकट दिसते. प्रोजेक्टरवर त्याचा काही फरक पडत नाही, तुमच्या डोळ्यांनाच पडतो. अक्षर सुधारायला मात्र आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे झूम करून लिहायची सवय. गुडनोट्ससारख्या ॲपमध्ये झूमची वेगळी पट्टी असते, तिथे मोठं लिहायचं, पानावर लहान उमटतं.

संगणकमित्र

वर्गमूळ ताई, पेनइतकीच महत्त्वाची गोष्ट कुणी बोलत नाहीये ती म्हणजे टॅबमधून प्रोजेक्टरपर्यंत चित्र जाणार कसं. आमच्या संस्थेत हे सगळं मी बघतो त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

यूएसबी-सीचं भोक दिसलं म्हणजे त्यातून व्हिडिओ बाहेर पडतो असं अजिबात नाही. बऱ्याच टॅबमध्ये ते भोक फक्त चार्जिंग आणि फाइल्सपुरतं असतं. गॅलक्सी टॅब एस६ लाइट किंवा एस९ एफई यांना एस पेन बॉक्समध्ये मिळतं, लिहायला चांगलं आहे, पण केबलने प्रोजेक्टरला जोडता येत नाहीत. साधा एस९ जोडता येतो. नावात फक्त दोन अक्षरांचा फरक आहे आणि दुकानदाराला विचारलं तर तो "हो चालतं की" म्हणणार. आयपॅडचं बघायचं तर यूएसबी-सीवाला साधा आयपॅडही केबलवर चित्र देतो, ४के ३० हर्ट्झपर्यंत, प्रोजेक्टरला हे पुष्कळ झालं.

मग लोक म्हणतात वायरलेस करू. आयपॅडला एअरप्ले, सॅमसंगला स्मार्ट व्ह्यू म्हणजे मिराकास्ट. घरी झकास चालतं. पण शाळा-कॉलेजांच्या वायफायवर सुरक्षेसाठी एका उपकरणाला दुसरं दिसू नये अशी सेटिंग असते बऱ्याचदा, मग एअरप्लेला प्रोजेक्टर सापडतच नाही आणि वर्ग वाट बघत बसतो. मिराकास्ट थेट जोडणी करतं म्हणून ही अडचण त्याला कमी येते पण गर्दीच्या ठिकाणी ते अडखळतं, पेन पुढे आणि रेघ मागून असं होतं. म्हणून माझं सगळ्या शिक्षकांना एकच सांगणं असतं की स्वतःची एचडीएमआय केबल आणि चार्जिंगचं भोक असलेला अडॅप्टर पिशवीत ठेवा. चार्जिंगचं भोक विसरू नका कारण टॅबला एकच पोर्ट असतो, तो प्रोजेक्टरने अडवला की बॅटरी संपेपर्यंतच तास.

गोधडी

एक वेगळं मत मांडू का? टॅब हवाच कशाला? मी शाळेत आठवी ते दहावीला शिकवते. माझ्याकडे एक डॉक्युमेंट कॅमेरा आहे, खाली साधा कागद आणि हातात साधं पेन. माझा हात मुलांना दिसतो, कंपास कसा धरायचा, कोनमापक कुठे टेकवायचा हे दिसतं. टॅबवर वर्तुळ आपोआप गोल होतं आणि मुलांना वाटतं वर्तुळ काढणं म्हणजे बोट दाबून धरणं. भूमिती हाताने शिकायची असते यावर मी ठाम आहे.

आणि ऑनलाइनसाठी बिनस्क्रीनचा पेन टॅब्लेट मिळतो, वाकॉमचा, ह्युऑनचा, एक्सपी-पेनचा, तो लॅपटॉपला लावायचा. टॅबच्या मानाने कितीतरी स्वस्त पडतो, आणि तुमचा लॅपटॉप चालतोय म्हणता.

वर्गमूळ

गोधडी ताई, भूमितीचं पटलं. माझ्याकडे रचना कमी आणि सिद्धता जास्त असतात, पानंच्या पानं लिहायची आणि मागच्या पानावर परत जायचं. कागदावर ते जमतं पण तास संपल्यावर मुलांना पाठवताना सगळं स्कॅन करत बसावं लागतं. बिनस्क्रीनचा पेन टॅब्लेट एका सहकाऱ्याचा वापरून बघितलाय. हात खाली आणि नजर वर हे काही दिवसांत जमतं म्हणतात, पण असाइनमेंटवर मुलाच्या ओळीच्या बरोबर शेजारी लिहायचं असतं तिथे मला स्क्रीनवरच टेकवलेलं पेन हवंय.

संगणकमित्र, एफईचं सांगितलंत हे फार बरं झालं, तोच यादीत सर्वात वर होता.

शेवटचा_बाक

मी विद्यार्थी आहे, तिसऱ्या वर्षाला. माझे बरेचसे सर टॅबवर शिकवतात. टॅब कुठला ते मागच्या बाकावरून कळत नाही हो, पण पुढच्या गोष्टी कळतात:

पेनची जाडी. तुमच्या हातातल्या स्क्रीनवर ०.५ची रेघ सुंदर दिसते, उजेड असलेल्या वर्गात प्रोजेक्टरवर ती दिसतच नाही. पिवळा आणि फिकट हिरवा रंग पांढऱ्या पानावर अजिबात वापरू नका.

झूम. सर लिहिताना झूम करतात, पुन्हा लहान करतात, आमच्यासाठी सगळी भिंत हलते. आधीची ओळ वहीत उतरवत असतो आणि ती निघून जाते. फळ्यावर निदान पुसेपर्यंत तरी असायची.

नोटिफिकेशन. एकदा चालू तासाला पडद्यावर बँकेचा ओटीपी आला, अख्ख्या वर्गाने वाचला. डू नॉट डिस्टर्ब लावा प्लीज.

पण एक सांगतो, तासानंतर सरांच्या हस्ताक्षरातली पीडीएफ मिळते ना, ती छापील नोट्सपेक्षा परीक्षेला जास्त उपयोगी पडते कारण कुठे खोडलं, कुठे बाण काढला ते सगळं आठवतं.

निळीशाई

शेवटचा_बाक, शाब्बास, हा प्रतिसाद प्रिंट काढून स्टाफरूममध्ये लावायला हवा.

झूमच्या प्रश्नावर उपाय आहे. काही ॲपमध्ये प्रेझेंटेशन मोड असतो, त्यात प्रोजेक्टरवर पूर्ण पान स्थिर राहतं आणि तुम्ही टॅबवर हवं तितकं झूम करा, टूलबारही मुलांना दिसत नाही. गुडनोट्समध्ये आयपॅड केबलने किंवा एअरप्लेने जोडला की हे करता येतं. ॲप निवडताना मी हीच सोय पहिल्यांदा बघते.

निवांत

सरफेसची बाजू कुणीच घेत नाहीये तर मी घेतो. वर्गमूळ, तुमच्या यादीत लेटेक आहे आणि मॅक्रोवाली एक्सेल आहे. आयपॅडवरच्या किंवा अँड्रॉइडवरच्या एक्सेलमध्ये मॅक्रो चालत नाहीत, शीट उघडेल, आकडे दिसतील, मॅक्रो नाही. लेटेक ओव्हरलीफ या साइटवर ब्राउझरमध्ये होईल पण त्याला सतत इंटरनेट लागणार. सरफेस प्रो म्हणजे पूर्ण विंडोज, वर पेन. सगळं एका जागी, फाइल इकडून तिकडे पाठवत बसायला नको. एकच पिशवी, एकच चार्जर.

तोटेही सांगतो. कीबोर्ड आणि पेन दोन्ही वेगळे घ्यावे लागतात, जाहिरातीतल्या फोटोत मात्र लावलेले असतात. २०२४च्या सरफेस प्रोचं वजन ८९५ ग्रॅम, तेही कीबोर्डशिवाय, हातात धरून वर्गात फिरण्याची वस्तू नाही ती. आणि त्यात नेहमीच्या विंडोज लॅपटॉपपेक्षा वेगळ्या जातीची स्नॅपड्रॅगन चिप आहे, रोजची सॉफ्टवेअर चालतात पण एखादा जुना प्रिंटर किंवा प्रयोगशाळेतलं जुनं यंत्र असेल तर त्याचा ड्रायव्हर मिळतो का ते आधी बघा.

संगणकमित्र

निवांत साहेब, तुमचं बरोबर आहे पण ताईंचा लॅपटॉप चालतोय. लॅपटॉप चालत असताना सरफेस घेणं म्हणजे चालत असलेल्या वस्तूचेच पैसे पुन्हा मोजणं. मॅक्रो, लेटेक, मार्क भरणं, ही बसून करायची कामं आहेत, ती जुना लॅपटॉप निमूट करतोय. टॅबकडून फक्त लिहिणं मागा, तो ते उत्तम करेल. दोन्ही मागितलं की दोन्ही अर्धवट मिळतं हा माझा अनुभव.

निवांत

असहमत. दोन उपकरणं म्हणजे दोन बॅटऱ्या, दोन अपडेट, आणि "ती फाइल कुठे आहे" हा रोजचा प्रश्न. माझं सगळं एकावरच चालतं, वर्ग, मीटिंग, रिपोर्ट. अर्धवट काही वाटत नाही. उद्या लॅपटॉप बंद पडला की ताईंना दुसरा घ्यावाच लागणार, मग तेव्हा हिशोब काय होईल ते बघा.

पाऊलवाट

मराठी टायपिंगचा विषय निघालाय म्हणून. मी इतिहास शिकवतो, माझं नव्वद टक्के काम मराठीत. स्क्रीनवरच्या जीबोर्डने छोटं-मोठं सगळं होतं, उच्चारानुसार टाइप करा नाहीतर बोटाने लिहा, ओळखतो. पण लांब लेख लिहायचा तर ब्लूटूथ कीबोर्ड हवाच, आणि तिथे इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांची ठरलेली कीबोर्ड-मांडणी) येत असेल तर राजासारखे राहाल, कारण विंडोज असो, आयपॅड असो की अँड्रॉइड, अक्षरांच्या जागा त्याच. मला सुरुवातीला कंटाळा आला होता, आता दुसरं काही नको वाटतं.

खरी डोकेदुखी जुन्या फाइल्सची. युनिकोड (सगळ्या उपकरणांवर चालणारी अक्षरांची पद्धत) येण्याआधीच्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये केलेल्या वर्ड फाइल टॅबवर उघडल्या की भलतीच अक्षरं दिसतात, कारण तो फॉन्ट टॅबवर नसतो आणि आतून ती अक्षरं मराठी नसतातच. अशा सगळ्या प्रश्नपत्रिका लॅपटॉपवरून आधी पीडीएफ करा मग टॅबवर न्या. ज्या पुन्हा बदलायच्या आहेत त्या कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा, आणि आणल्यावर जोडाक्षरं आणि रफार डोळ्याखालून घाला, कन्व्हर्टर तिथेच चुकतात.

डावखुरा

अवांतर आहे पण विचारतोच. डावखुऱ्यांसाठी कुणी लिहिलंय का? माझ्या हाताखाली टूलबार येतो आणि लिहिता लिहिता पानच बदलतं. आधीच्या टॅबवर या त्रासाने लिहिणं सोडून दिलं होतं.

रेघोट्या

अवांतर कसलं, माझ्या वर्गात डावखुरी मुलं असतातच. दोन गोष्टी करा. सेटिंगमध्ये "फक्त पेनने लिहिणं" चालू करा म्हणजे बोटाने किंवा तळहाताने रेघ उमटणार नाही. आणि टूलबार वर किंवा उजवीकडे नेता येतो का बघा, बऱ्याच ॲपमध्ये येतो. पान आडवं सरकण्याऐवजी उभं सरकेल असं ठेवा, मग मनगटाच्या धक्क्याने पान उलटत नाही. टॅब किंचित तिरका ठेवून लिहा, डावखुरे वही ठेवतात तसाच.

डावखुरा

पान उभं सरकवणं!! एवढं साधं होतं. धन्यवाद ताई.

टाकदवात

ते ई-इंकवाले, म्हणजे कागदासारख्या स्क्रीनचे टॅब कसे असतात? डोळ्यांना त्रास नाही म्हणतात. असाइनमेंट तपासायला बरे पडतील का?

निळीशाई

माझ्याकडे आहे एक, १०.३ इंची. वाचायला आणि स्वतःच्या नोट्स लिहायला खरंच अप्रतिम, उन्हातही दिसतं, बॅटरी टिकते. पण मुलांच्या असाइनमेंट म्हणजे फोनने काढलेले फोटो, सावली पडलेले, निळ्या-काळ्या शाईचे. काळ्या-पांढऱ्या ई-इंकवर ते सगळं करडं दिसतं आणि लाल शेरा लाल दिसत नाही. पान उलटायलाही क्षणभर थांबावं लागतं. प्रोजेक्टरला जोडणं तर सोडूनच द्या. एकच उपकरण घ्यायचं असेल तर हे नाही.

गोधडी

आकाराबद्दल ताईंनी विचारलं होतं ते राहूनच गेलं बघा. टॅब नको म्हणणारी मीच आठवण करून देतेय.

संगणकमित्र

हो, आकार. मी पट्टीने आणि गणिताने दोन्हीने बघितलंय. तपासायचं पान ए४ असतं, त्याची उंची रुंदीच्या १.४१ पट. ११ इंची आयपॅडची स्क्रीन साधारण १.४४ पट, म्हणजे जवळपास ए४च्याच आकाराची, पान उभं धरलं की कडेला जागा वाया जात नाही, ए४ साधारण पाऊणपट दिसतो. ११ इंची गॅलक्सी टॅब १६:१०, म्हणजे जास्त लांबुडका, त्यावर तोच ए४ साधारण ७० टक्के दिसतो आणि वर-खाली पट्ट्या उरतात. १३ इंची आयपॅडवर ८८ टक्क्यांच्या आसपास, जवळजवळ खरा कागद.

प्रोजेक्टर मात्र आडवा असतो, बहुधा १६:९ किंवा १६:१०. तिथे गॅलक्सी भिंत भरून टाकतो आणि आयपॅडला दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. म्हणजे तपासायला एक बरा आणि शिकवायला दुसरा. तुमचं जास्त काम कुठलं त्यावर ठरवा.

वजन: साधा आयपॅड ४७७ ग्रॅम, एस९ ४९८ ग्रॅम, १३ इंची एअर ६१७, सर्वात मोठा एस९ अल्ट्रा ७३२. हातात धरून वर्गात फिरणार असाल तर पाचशेच्या पुढे जाऊ नका. टेबलावर ठेवणार असाल तर मोठा घ्या, डोळे दुवा देतील.

वर्गमूळ

हे असं उत्तर हवं होतं मला! मी फिरते. शेवटच्या बाकापर्यंत जाते (आयडीवाल्या नव्हे, खऱ्या) आणि एखाद्याच्या हातात टॅब देऊन पुढची ओळ त्यालाच लिहायला लावायची असं मनात आहे. म्हणजे ११ इंच. आणि फिरायचं म्हणजे केबल गेली, वायरलेस आलं, मग संस्थेच्या वायफायचं काय?

संगणकमित्र

प्रोजेक्टरजवळ एक छोटा कास्टिंगचा डोंगल (टॅबचं चित्र वायरलेस घेणारं यंत्र) लावायचा, मिराकास्टवाला किंवा एअरप्लेवाला, तुमच्या टॅबला चालेल तो. मिराकास्टचा थेट टॅबशी बोलतो. एअरप्लेवाल्यांमध्येही स्वतःचं वायफाय निर्माण करणारे मिळतात. संस्थेच्या नेटवर्कचा संबंधच येत नाही. घेण्याआधी वर्गात नेऊन, मुलं बसलेली असताना, त्यांचे फोन चालू असताना चालवून बघा. रिकाम्या वर्गात सगळंच चालतं. आणि केबल तरीही पिशवीत राहू द्या.

शेवटचा_बाक

हातात टॅब देऊन पुढची ओळ लिहायला लावणार? मॅडम, मी दुसऱ्या कॉलेजात आहे याचं पहिल्यांदा वाईट वाटलं.

उंबरठा

उशिरा आलो धाग्यावर. ॲपबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. लिहिलेलं बाहेर कसं काढता येतं ते पहिल्या दिवशी तपासा. गूगलचं जॅमबोर्ड हे ऑनलाइन फळ्याचं ॲप २०२४च्या शेवटी बंद झालं, कितीतरी शिक्षकांचे फळे त्यावर होते, आधी एक्सपोर्ट केले त्यांचे वाचले. म्हणून दर आठवड्याला सगळ्या वह्या पीडीएफ करून वेगळ्या जागी ठेवायची सवय लावा, ॲप कुठलंही असो.

दुसरं, पानाचा प्रकार. वननोट फुकट आहे, सगळीकडे चालतं, पण त्याचं पान अथांग, कुठेही लिहा. शिकवताना छान वाटतं, पीडीएफ करताना मात्र समीकरण मधोमध कापलं जातं, अर्धं या पानावर अर्धं त्या. मुलांना पाठवायचं असेल तर ए४ पान ठरवून देणारं ॲप घ्या: गुडनोट्स, नोटेबिलिटी, सॅमसंगवर सॅमसंग नोट्स. आलेल्या पीडीएफवर नुसत्या खुणा करायच्या तर झोडो हे पीडीएफचं ॲपही चालेल.

आणि ऑनलाइन तासासाठी: लॅपटॉपवरून मीटिंग चालवा, कॅमेरा-माइक त्याचा. टॅबवरून त्याच मीटिंगमध्ये दुसऱ्या नावाने शिरा आणि फक्त स्क्रीन शेअर करा. टॅबचा माइक आणि आवाज दोन्ही बंद ठेवायचे, नाहीतर असा शिट्टीसारखा आवाज घुमतो की मुलं हेडफोन काढून फेकतात. यात फायदा असा की टॅबचं काही बिघडलं तरी तुम्ही मुलांसमोर असता, तास तुटत नाही.

निवांत

उंबरठा यांची ऑनलाइनची रीत चांगली आहे, मान्य. ती मात्र दोन उपकरणं असतील तरच, त्यामुळे या मुद्द्यावर संगणकमित्र जिंकले असं म्हणतो. मॅक्रोवर मी माझं सोडत नाही.

पाऊलवाट

मागच्या वर्षीचं मॉडेल सवलतीत मिळतंय म्हणून घेणाऱ्यांनी अपडेट किती वर्षं मिळणार तेही बघा. ती वर्षं मॉडेल बाजारात आलं तेव्हापासून मोजतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. सॅमसंगने एस९ला ५ वर्षं सुरक्षा अपडेट सांगितलेत, २०२४च्या एस१० प्लस आणि अल्ट्राला ७ वर्षं. एस९ आला २०२३मध्ये, तेव्हा आज घेताना वजाबाकी करा.

वर्गमूळ

दुकानात जाऊन आले, पट्टी घेऊन! दुकानातल्या मुलाने आधी विचित्र नजरेने पाहिलं, मग स्वतःच दुसऱ्या टॅबवर तिरक्या रेघा मारत बसला. एका फारशा नाव नसलेल्या टॅबवर लाटा अगदी स्पष्ट आल्या, तो तिथेच बाद. आयपॅड आणि एस९ दोन्हींवर रेघ सरळ. बारीक घातांक दोन्हींवर जमले. एस पेनचं टोक मऊ आहे, काचेवर किंचित रुतल्यासारखं वाटतं आणि माझा हात भरभर चालतो त्याला ते मानवलं. ॲपलची पेन्सिल टणक आहे, टकटक आवाज येतो, शांत वर्गात मला तो सारखा जाणवत राहील.

तपासण्यासाठी आयपॅडचं पान खरंच बरं दिसत होतं, त्यावर थोडी घुटमळले. पण तपासणं घरी बसून होतं, झूम करता येतं. भिंत मात्र साठ मुलं बघतात. म्हणून एस९ घेतेय, साधा, एफई नव्हे. लॅपटॉप राहू दे, मॅक्रो आणि लेटेक त्याच्याकडे. निवांत, तुमचा मुद्दा डोक्यात ठेवलाय, लॅपटॉप गेला की पुन्हा याच धाग्यावर येईन.

गोधडी

अभिनंदन! आणि वर्तुळं हातानेच काढा.

डावखुरा

मला बजेटमुळे वापरलेला घ्यावा लागणार आहे. त्यात काय काय बघू?

संगणकमित्र

आधीच्या मालकाने स्वतःचं खातं काढून टाकलंय ना ते तुमच्या डोळ्यांसमोर करून घ्या. आयपॅड असो की अँड्रॉइड, नुसतं रिसेट करून भागत नाही, जुनं खातं तसंच राहिलं तर टॅब तुमच्या हातात असून कुलूपबंद. मग पेन खरंच त्या मॉडेलचं आहे का आणि स्क्रीनच्या चारही कोपऱ्यांत लिहितं का ते बघा, पडलेल्या टॅबचा एखादा कोपरा बरेचदा मुका असतो. बॅटरीसाठी तिथेच बसून स्क्रीनचा उजेड पूर्ण ठेवून अर्धा तास लिहा, टक्के किती उतरले ते बघा. चार्जिंगच्या भोकात केबल घालून हलवा, ढिली असेल तर सोडून द्या, प्रोजेक्टरला तीच वाट आहे. आणि मॉडेलचा नंबर इथे टाका, व्हिडिओ बाहेर देतो का ते बघून सांगतो.